आक्काच्या तोंडून

“मी बारा वर्षांची होते… आणि माझ्या सख्ख्या बहिणीनं मला घराबाहेर काढलं!”

माईकमधून आलेलं ते वाक्य सभागृहाच्या कानाकोपऱ्यात घुमलं, आणि अगदी शेवटच्या रांगेत, बाळाबाईच्या रुंद पाठीआड बसलेल्या गुणाबाईच्या कपातला गरम चहा तिच्या गुलाबी साडीवर सांडला. भाजलं… पण भाजल्याचं तिला कळलंच नाही, कारण जिनं घराबाहेर काढलं होतं ती सख्खी बहीण तीच होती!

समोर व्यासपीठावर प्रियदर्शनी उभी होती. तिची प्रिया! धारवाडच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी, खचलेल्या माणसांना उभारी देणारी, सगळे जिला आदरानं ‘मॅडम’ म्हणत होते ती… अकरा वर्षांपूर्वी वडिलांच्या, आप्पांच्या, बाराव्याला आली, परक्या पाहुण्यासारखी उंबऱ्याजवळ बसली आणि घोटभर पाणीही न घेता निघून गेली, त्यानंतर आजच दिसत होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ‘अगं बाई, माझ्या लेकराचे केस पिकले!’ एवढंच पहिल्यांदा गुणाबाईच्या मनात आलं.

खरं म्हणजे गुणाबाईनं इथं असायलाच नको होतं. ती बेळगुंदीची आशा कार्यकर्ती. गरोदर बायकांना तपासणीला नेणं, बाळांची वजनं घेणं, डोस पाजणं हे तिचं काम. तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाळाबाईच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला निरोप आला होता, ‘आशा : पिरनवाडी येथे दोन दिवसांचे निवासी शिबिर.’ बाळाबाईनं पुढचं वाचलंच नाही. “आपलंच ट्रेनिंग हाय गं!” म्हणून तिनं दोघींची नावं कळवून टाकली, आणि दोघी गणवेशाची साडी नेसून, रजिस्टर आणि बाळांच्या वजनाचा काटा पिशवीत घालून सकाळी हजर झाल्या. फाटकावर नाव नोंदवणारी मुलगी हसून हसून बेजार झाली. ही आशा ती नव्हती. ही मनातली आशा होती!

“मनातली तर मनातली,” बाळाबाई म्हणाली होती, “दोन दिस चुलीची कटकट न्हाय. बसू या की!”

देवाच्या मनात असलं की माणसाची चूकसुद्धा वाट दाखवते, हे तेव्हा गुणाबाईला कुठं माहीत होतं?

“आई नव्हती,” प्रियदर्शनी शांतपणे सांगत होती. तिचं मराठी आता पुस्तकातल्यासारखं झालं होतं, मध्येच कन्नड वळण घेणारं. “आक्का बावीस वर्षांची होती. एका सकाळी तिनं माझ्या दोन वेण्या घातल्या, पत्र्याची पेटी भरली आणि कन्नड शिकवणाऱ्या बाईंच्या हाती मला सोपवून दूरच्या वसतिगृहात धाडलं. मला कन्नडचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. चार वर्षं तिनं मला दिवाळीलाही घरी आणलं नाही. सगळ्या मुली जायच्या; मी आणि स्वयंपाकीण, दोघीच उरायचो… पण बघा, मी मोडले नाही. माणूस आतून पुन्हा उगवू शकतो. हेच आपण दोन दिवस शिकणार आहोत.”

टाळ्या वाजल्या. एकेक टाळी गुणाबाईच्या काळजावर पडत होती. प्रियाच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं! आणि तरीही… तरीही जे खरं होतं ते बत्तीस वर्षं तिनं ओठांआड ठेवलं होतं. ‘दिलेलं बोलून दाखवलं की नैवेद्य उष्टा होतो,’ असं आई म्हणायची. गुणाबाईची इच्छा एकच होती, प्रियानं एकदा आपल्या घराची पायरी हसत चढावी. पण त्यासाठी खरं सांगायचं, म्हणजे त्या पोरीच्या माथ्यावर आयुष्यभराच्या उपकाराचं ओझं ठेवायचं! त्यापेक्षा तिचा राग बरा, असं मानून ती जगत आली होती.

बाळाबाईनं मागं वळून बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. तिचे डोळे लाल झाले होते.

“ही ती? तुजी प्रिया? काय बोलाय लागल्या गं ही!”

“गप, बाळे… तुला देवाची आण.”

प्रियदर्शनीनं पहिला अभ्यास दिला. “आपल्याला ज्यानं दुखावलं त्याची गोष्ट आपण नेहमी आपल्या तोंडून सांगतो. आज ती त्याच्या तोंडून सांगायची. ‘मी’ म्हणायचं, पण तो होऊन. शेजारच्याला सांगा.”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. निपाणीचे एक निवृत्त मास्तर आपल्या मुलाच्या तोंडून बोलता बोलता चष्मा पुसू लागले. तेवढ्यात बाळाबाई धाडकन उभी राहिली.

“ओ बाई! आदी तुमी सांगा की! तुमची आक्का काय म्हणंल?”

सगळे हसले. प्रियदर्शनीही हसली, माईक जवळ घेतला… आणि थांबली. कपाळावर आठी उमटली. हजारो माणसांना दिलेला हा अभ्यास तिनं स्वतः कधी केलाच नव्हता!

“मला… मला नाही माहीत,” ती अखेर म्हणाली.

“मग इचारा की! ही काय, हितंच बसल्या!” आणि बाळाबाई बाजूला झाली.

मधलं ते आडोशाचं माणूस सरकलं आणि दोघी बहिणी एकमेकींसमोर आल्या. गुणाबाईनं पदर पुढं ओढला, पण उशीर झाला होता. प्रियदर्शनीचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर तिला वाटलं असावं की कुणीतरी आपली थट्टा मांडली आहे. ती पायऱ्या उतरून रांगांमधून सरळ चालत आली.

“तू? इथं?”

“चुकून आले गं… जाते मी. तुजं चालू दे.”

“नाही! चाळीस माणसांसमोर मी तुला बोल लावला, आता तूही बोल. का धाडलंस मला?”

गुणाबाई मान खाली घालून उभी. साडीवरचा चहाचा डाग पदरानं पुसत राहिली.

“बरं, काहीच सांगू नकोस.” प्रियदर्शनीचा आवाज एकाएकी बारा वर्षांच्या मुलीचा झाला. “एवढंच सांग, आक्का… मी तुला नको होते का?”

हे ऐकलं मात्र, आणि गुणाबाईच्या अंतःकरणाचा बांध फुटला! राग ती सोसत आली होती. पण हा प्रश्न उशाला घेऊन आपली पोर बत्तीस वर्षं निजत आली, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. कसला नैवेद्य आणि कसलं मौन! आपल्या गप्प बसण्यानंच लेकराला उपाशी ठेवलं की!

“नको कशी होशील गं माजे बाई…” ती हुंदका आवरत म्हणाली. “तुला धाडलं त्या दिवशी दुपारी माझी सुपारी फोडाय मानसं येणार हुती. आत्तीच्या सासरची. आदल्या दिशी निरोप आला, धाकटीला बी आमच्याच घरात द्या, धाकट्या भावाला. सुपारी आता, लगीन मागनं. आप्पांनी व्हय म्हटलं. त्येंचा बी दोष न्हाय, बिनआईच्या दोन पोरी एकाच घरात पडत्यात म्हणून त्येस्नी बरं वाटलं. पर तू सातवीत हुतीस… पुस्तक उशाला घेऊन झोपायचीस. म्या बाईंच्या पाया पडले, नि सकाळच्या गाडीनं तुला काढून दिली.”

“आणि मग?”

“मग काय… दुपारी आले सगळे. परातीत माझ्यासाठी हिरवी साडी हुती. नि तुझ्यासाठी…” तिनं हातानं कमरेएवढी उंची दाखवली. “हिरवं परकर-पोलकं.”

तिनं पदरानं डोळे टिपले.

“धाकटी कुटं म्हणाले. शिकाय गेली म्हटलं. मग थोरली बी नको म्हणून परात उचलून गेले. धाकटीला तरी द्या म्हणून आत्तीनं चार वर्सं पिच्छा सोडला न्हाय. दिवाळीला आलीस की ठेवूनच घेतील, ह्या भीतीनं तुला आणली न्हाय. सणाला ताटावर बसले की घास फिरायचा गं तोंडात… चुकलं माजं. तुला सांगाय पायजे हुतं.”

“आक्का!”

एवढा एकच शब्द प्रियदर्शनीच्या तोंडून फुटला आणि ती त्या चहानं भिजलेल्या गुलाबी साडीत तोंड खुपसून लहान मुलीसारखी रडू लागली. पुढच्या रांगेतल्या दोन कन्नड बायकांना गुणाबाईचं गावरान बोलणं अर्धंच कळलं होतं. पण त्याही डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. ‘आक्का’ हा शब्द त्यांच्याही भाषेत तोच होता ना!

“झालं, झालं,” गुणाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटली. “मानसं खोळंबल्यात. मॅडम हाईस न्हवं तू?”

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघी व्हरांड्यात बसल्या. बाळाबाई दारात पहारा देत होती. “तिकडं नगासा जाऊ, रडणं चालू हाय,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होती आणि मध्येच स्वतः डोकावून बघत होती.

“तुझं ज्याच्याशी ठरलं होतं, तो माणूस आता कुठं असतो गं?” प्रियदर्शनीनं दबकत विचारलं.

“कोण, भरमू? शेजारच्याच गावात. आजा झालाय. गेल्या वर्सी त्याच्या नातीला पोलिओचा डोस मीच पाजला.” गुणाबाईचा सुरकुतलेला चेहरा खुलला. “गुटगुटीत हाय पोर. लई गोड हसती.”

आशा, चिकाटी, क्षमा यांवर प्रियदर्शनीनं किती व्याख्यानं दिली होती! आणि जिनं त्यातलं एकही ऐकलं नव्हतं, ती आक्का ज्या घरानं तिला नाकारलं त्या घरच्या लेकराला औषध पाजून आली होती आणि वर त्याचं कौतुक करत होती!

“उद्या शिबिर संपलं की मी तुझ्याबरोबर घरी येऊ?”

“इचारायलीस काय? घर तुजं बी हाय की गं!”

दुपारचं सत्र सुरू झालं तेव्हा प्रियदर्शनीचे डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावर पाऊस पडून गेल्यानंतरची शांती होती. तिनं माईक हाती घेतला.

“सकाळी सांगितलेली माझी गोष्ट अपुरी होती. माझा अभ्यासही राहिला होता. आता करते.” तिनं डोळे मिटले. “मी गुणा. बेळगुंदीची. मला एक धाकटी बहीण आहे. ती शिकावी म्हणून मी तिला दूर धाडलं. माझं ठरलेलं लग्न मोडलं… पण मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही…”

“वाटलं की!”

सगळ्या माना मागं वळल्या. गुणाबाई शेवटच्या रांगेत उभी होती. जन्मात कधी चारचौघांत आवाज न चढवलेली ती बाई, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकून ठामपणे म्हणत होती,

“लई वाटलं! खोटं कशाला सांगतीस? साडी चांगली हुती. पोरगा बी देखणा हुता. वरीसभर रडले मी, गोठ्यात जाऊन!”

सगळं सभागृह हसू लागलं, ओल्या डोळ्यांनी हसू लागलं, आणि सर्वांत मोठ्यानं बाळाबाई! गुणाबाईही हसली. इतक्या वर्षांत आपलं दुःख तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं, आणि किती हलकं वाटत होतं त्यानं… अगदी कृतार्थ!

प्रियदर्शनीनं डोळे पुसले. “बरं, आक्का. लई वाटलं,” ती गावच्या बोलीत म्हणाली. “म्होरं सांग. काय म्हणू?”

“म्हण,” गुणाबाई सावकाश खाली बसत म्हणाली, “लई वाटलं… पर परत तसंच झालं असतं, तर परत तसंच केलं असतं.”