न जोडलेली डिस्क

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती जरा बरी करून सांगितली असती.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

एका शनिवारी दुपारी सुरू झाली आणि आठ दिवसांनी, रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी संपली. संपली असं आपलं म्हणायचं. जागा तीच, माझ्या आत्तेबहिणीच्या घरातली मागची खोली. एक टेबल, एक खुर्ची, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. भीती वाटावी असं तिथे काहीही नाही.

घडली ती तिच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या आत्तेभावाच्या बाबतीत. त्याचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा आहे. सगळे त्याला वैद्य म्हणतात, कारण तो मशीनला कान लावतो. डिस्क कुरकुरते की कण्हते, अजून किती दिवसांची सोबती आहे, हे तो नुसतं ऐकून सांगतो, आणि सहसा चुकत नाही.

त्याच्या दुकानाच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवलाय. "जी डिस्क पुसायची नाही, तिची वायर आधी काढा." शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तो हे पाठ करायला लावतो.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान... पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

त्याच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. तिचे यजमान, आमचे भाऊजी, वाचनालयात होते. जन्म गेला लोकांना "हळू बोला" म्हणण्यात, आणि शेवटी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचाच आवाज जायचा होता. हा विनोद त्यांनी स्वतःच केला होता, म्हणून सांगतोय.

ऑपरेशनच्या आधी सहा दिवस भाऊजी आणि वैद्य त्या मागच्या खोलीत बसले. वैद्य रोजच्या बोलण्यातली वाक्यं कागदावर लिहायचा, भाऊजी ती मशीनमध्ये स्वतःच्या आवाजात भरून ठेवायचे. "आलीस?" "चहा ठेव." "कोण आहे?" "दार लाव." "बस जरा." अशी चारशे बारा वाक्यं झाली. शेवटचं भाऊजींनी मुद्दाम घालायला लावलं. "खरं सांग."

"तुझी बहीण काहीही झालं तरी 'काही नाही' म्हणते," ते म्हणाले. "हे मला रोज लागणार."

रोज लागलं. पुढची दोन वर्षं ते बटणं दाबून बोलले. मग गेले.

त्यानंतर आक्का रोज दवाखान्यातली नोकरी आटोपून घरी आली की मशीन लावायची आणि एक बटण दाबायची.

"आलीस?"

"आले," आक्का म्हणायची, आणि मग पदर खोचून कामाला लागायची. एवढंच.

पण मशीन म्हातारं झालं होतं. सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घ्यायचं, मधेच अडकायचं. वैद्य म्हणाला, वेगळी डिस्क लावतो, तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकतो, पळायला लागेल. जुनी डिस्क तशीच राहील, तिला हातही लावणार नाही. त्या डिस्कची कॉपी काढून ठेवायला हवी, असं तो गेलं दीड वर्ष म्हणत होता. आजच काढू, असंही म्हणाला.

शनिवारी सकाळी आक्काने कामावर जाताना त्याच्या हातात घराची किल्ली दिली. "बाकी काय वाटेल ते बिघडू दे. तेवढं सांभाळ रे."

"अगं, माझा रोजचा धंदा आहे हा," वैद्य म्हणाला.

त्याने दुसरी डिस्क लावली. ती एका गिऱ्हाइकाकडून घेतलेली, वापरलेली होती, पण नव्या पद्धतीची. आत काहीही फिरत नाही, त्यामुळे तिला आवाज नसतो. मशीनचा पत्रा बसवला, चार स्क्रू आवळले, लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला.

पडद्यावर आलं, एकही डिस्क सापडली नाही.

जुन्या मशीनवर असं होतं. तो बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये गेला. तिथे नवी डिस्क वर आणि जुनी खाली दिसत होती. एक सेटिंग बदलून त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. आता दोन्ही डिस्क सापडल्या. दोन्ही पाचशे जीबीच्या. एकीखाली एक.

मशीन पुन्हा सुरू झालं की हा क्रम बदलू शकतो. वैद्य हे इतरांना ओरडून सांगतो. म्हणून तर वायर काढायची असते.

पण पत्रा बसवून झाला होता. चार स्क्रू पुन्हा काढायचे, पुन्हा लावायचे. कॉपी लिनक्स आल्यावर काढू म्हणून ठेवलेली. पोटभर जेवण झालेलं. दुपार.

चार स्क्रूंचा कंटाळा. बाकी काही नाही.

त्याने वरची डिस्क निवडली. वापरलेली डिस्क आहे, आधीच्या माणसाचं काही राहायला नको, म्हणून 'पूर्ण पुसा' वरही खूण केली. आणि जमिनीवर आडवा झाला.

झोपेत त्याला आवाज ऐकू येत होता. ओळखीचा. कुर्र... कुर्र... टक. बरं वाटत होतं ऐकायला.

मग त्याचे डोळे उघडले.

नव्या डिस्कला आवाज नसतो.

पडद्यावर एक्याण्णव टक्के झाले होते.

त्याने वायर उपटली, पण त्याने काय होणार होतं? तपासलं तर जिथे ती वाक्यं होती तिथे शून्यांशिवाय काही नव्हतं. शून्याच्या खाली काय होतं, ते कुठलाही वैद्य काढून देऊ शकत नाही. मग त्याने ते चार स्क्रू काढले. जुनी डिस्क पिशवीत घातली, नव्या डिस्कवर लिनक्स टाकलं, आणि सहा वाजायची वाट बघत बसला. सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं.

आक्का आली. चपला काढायच्या आधीच तिने विचारलं, "झालं?"

"डिस्क आधीच गेलेली होती गं," वैद्य म्हणाला. "मी लावायच्या आधीच."

जिभेला हाड नसतं म्हणतात, ते खोटं नाही.

आक्का खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "गेल्या महिन्यात केर काढताना माझा धक्का लागला होता मशीनला. त्यानेच झालं असेल का रे?"

वैद्याला नाही म्हणता आलं असतं.

"असेल," तो म्हणाला.

हे सांगताना माझ्यासमोर तो मान वर करत नव्हता. त्याला डिस्क पुसल्याची जेवढी लाज वाटते, त्याच्या दसपट त्या एका शब्दाची वाटते. मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणाला. तरी तो शब्द त्याने परत घेतला नाही.

आता तिथे लिनक्स चालत होतं, पण त्याला मशीनचं साउंड कार्ड सापडत नव्हतं. आवाजाचं उपकरण नाही, असंच यायचं. आता वाजवायला होतंच काय? पण वैद्याला वाटायचं, निदान एवढं तरी नीट करून द्यावं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

त्याने आठवड्यात तीनदा फोन केला. आक्का तिन्ही वेळा म्हणाली, "राहू दे. येऊ नकोस त्याच्यासाठी."

त्याला वाटलं, ती रागावलीय. खरं तर तिचा आवाज रागावल्यासारखा नव्हता. उलट बरा होता... भाऊजी गेल्यापासून इतका बरा कधीच नव्हता.

तरी तो रविवारी गेलाच. आक्काने दार उघडलं आणि तिचं तोंड उतरलं.

"कशाला आलास?"

"दहा मिनिटांचं काम आहे."

ती वळली. स्वयंपाकघरात जाऊन कपड्यांच्या घड्या करत बसली. वैद्याने मागच्या खोलीचं दार लोटलं आणि मशीन लावलं. स्पीकरची वायर काढून टेबलावर ठेवली. आवाजाचा घोळ सोडवताना तो आधी तेच करतो. मग मशीनला कोणकोणते भाग सापडलेत, त्याची यादी काढली.

साउंड कार्ड नाही.

डिस्क... दोन.

त्याने डोळे चोळले. यादी पुन्हा काढली. एक त्याने लावलेली. आणि तिच्याखाली दुसरी, पाचशे जीबी. तिच्यापुढे सिरीयल नंबरही होता. प्रत्येक डिस्कचा नंबर वेगळा असतो. हा वैद्याला पाठ होता, कारण त्या डिस्कमधून काहीतरी परत मिळवायला तो रोज दुकान बंद करून तिच्यासमोर बसत होता.

ती डिस्क दुकानाच्या खणात होती. कुलपात.

या वेळी त्याने स्क्रू काढले. चारही. पत्रा बाजूला केला.

जुन्या डिस्कची जागा रिकामी होती. तिची वायर मोकळी लोंबत होती.

त्याने सवयीने कान लावला.

कुर्र... कुर्र... टक.

त्या रिकाम्या जागेतून येत होता आवाज. वैद्य खुर्चीत मागे सरकला.

मग आवाज थांबला. आणि...

"कोण आहे?"

स्पीकरची वायर टेबलावर पडलेली होती. साउंड कार्ड नव्हतं. आवाज भाऊजींचा होता, ऑपरेशनच्या आधीचा, शेवटी किंचित खाकरणारा. वाक्यांच्या यादीत हे सतरावं होतं. वैद्याने स्वतः लिहिलं होतं.

"बस जरा."

तो बसलेलाच होता.

बराच वेळ काहीच नाही. खिडकीतून समोरच्या जिन्यावर कुणी चढत असल्याचं दिसत होतं, पण पावलांचा आवाज येत नव्हता. घड्याळाची टिकटिकही नाही. कान बंद व्हावेत तसं सगळं गप्प झालं होतं.

"खरं सांग."

लोटलेलं दार उघडलं. दारात आक्का उभी होती. ती घाबरलेली नव्हती. ती वैद्याकडे बघून नुसती मान हलवत होती, नको, नको म्हणून. एक बोटही ओठांवर नेलं होतं तिने.

वैद्याला ते दिसलं. पण त्याला वाटलं, ती भाऊजींचा आवाज ऐकायला त्याला गप्प बसवतेय. आठ दिवस घशात अडकलेलं त्याच्याच्याने आवरेना.

"मी पुसली," तो म्हणाला. "भाऊजी, मीच पुसली. वायर काढली नाही. आक्काचा धक्का नव्हता, मला माहीत होतं. तरी मी तिला असेल म्हणालो."

त्याने सगळं सांगितलं. चार स्क्रू, झोप, एक्याण्णव टक्के. तो बोलत होता तेव्हा ती कुरकुर पुन्हा सुरू झाली आणि मंद होत गेली.

कुर्र...

टक.

मग जिन्यावरची पावलं ऐकू यायला लागली. वैद्याने पडद्याकडे बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने यादी पुन्हा काढली.

डिस्क, एक.

आणि तिच्याखाली साउंड कार्ड. आपोआप सापडलं होतं.

आक्का खाली जमिनीवर बसली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू गेलास ना, त्याच संध्याकाळी. मी नुसतं मशीन लावलं, बटण पण दाबलं नाही. ते म्हणाले, धक्का तुझा नव्हता."

वैद्याने ती चारशे बारा वाक्यं स्वतःच्या हाताने लिहिली होती. त्यांत हे वाक्य नव्हतं.

"त्यानंतर रोज यायचे," आक्का म्हणाली. "रोज एकच विचारायचे, खरं सांग. मी म्हणायचे, मला काय विचारता, त्याला विचारा. तो सांगेपर्यंत बसा इथेच." तिने डोळे पुसले. "म्हणून तुला येऊ नको म्हणत होते रे. तू सांगितलं नसतंस, तर राहिले असते."

आठ दिवस ज्याची लाज वाटत होती ते बोलून मोकळं झालं की हलकं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. आक्का त्याला एक वाईट शब्द बोलली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

"आता आवाज येतो का बघू?" त्याने विचारलं. काहीतरी करायचं म्हणून. वायर जोडली, बटण दाबलं. स्पीकरमधून तपासणीची घंटी खणखणीत वाजली.

"बंद कर ते," आक्का म्हणाली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. त्या मशीनमध्ये पुन्हा कधी दुसरी डिस्क सापडली नाही.

आक्काने जुनी डिस्क मागून घेतली आणि उशाशी ठेवली. गेल्या महिन्यात ती डिस्क फडक्यात गुंडाळून स्वतः वैद्याच्या दुकानात आली. मी तिथेच होतो. तिने डिस्क त्याच्या हातात दिली. ना वायर, ना वीज.

"तुला ऐकू येतं ना सगळं," ती म्हणाली. "एकदा कान लावून बघ."

वैद्याने कान लावला. डोळे मिटले. फार वेळ लावून बसला तो. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता.

"येतंय काही?" आक्काने विचारलं.

"नाही," वैद्य म्हणाला.

आक्काने डिस्क परत फडक्यात गुंडाळली आणि गेली. ती लांब गेल्यावर मी त्याला विचारलं, खरंच काही येत नव्हतं?

तो भिंतीवरच्या त्या कागदाकडे बघत बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"जाताना दार लाव," एवढंच म्हणाला.