आतली हवा

संभाजी भित्रा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. सिकंदराबादच्या ज्या रेडिओ कारखान्यात त्याने अर्धं आयुष्य काढलं, तो बाजारात परदेशी माल आल्यावर बंद पडला. तेव्हाही तो डगमगला नाही. औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे त्याने फेऱ्यांचं काम धरलं. बरकतपुऱ्यातून इन्सुलिनच्या पेट्या उचलायच्या आणि हिमायतनगर, नारायणगुडा करत सिकंदराबादपर्यंतच्या दुकानांत पोचवायच्या.

गाडी थोरल्या भावाची, उमाजीची. जुना पिकअप, पण पुढे एसी. प्लॉटच्या धंद्यात उमाजीचे दिवस पालटले होते. त्याने नवी मोटार घेतली आणि पिकअप धाकट्याला देऊन टाकला. "आईची शेवटची गाडी हाय. तुझ्यापाशीच राहू दे," म्हणाला. संभाजीला भरून आलं होतं.

कारण त्यांची आई, विठाबाई, आदल्या उन्हाळ्यात याच गाडीत गेली होती. उमाजी तिला छातीच्या डॉक्टरकडे नेत होता, तेव्हा वाटेतच. गार हवेत, झोपेत, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गेली, असं त्याने सांगितलं. संभाजीने तेव्हा एकच विचारलं होतं, तिने माझं नाव काढलं का. उमाजी म्हणाला, नाही. ते 'नाही' संभाजीला वर्षभर सलत राहिलं.

मे महिना लागला आणि एसी हरला. ब्लोअर घोंघावायचा, पण तोंडावर यायची ती भट्टीची झळ. सीटमागे केबिनमध्ये रचलेल्या पेट्यांतला बर्फ सिकंदराबाद येईतो पाणी व्हायचा. एकदा माल परत आला तेव्हा व्यापाऱ्याने स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघतो. म्हणून संभाजी गाडी घेऊन गफूरमियाँच्या गॅरेजात गेला.

गफूरमियाँ शांत माणूस. त्यांनी पुढची जाळी धुतली, गॅस भरला, जास्तीचा पंखा बसवला, काचांना काळी फिल्म लावली. गारवा थोडा वाढला, पण राहीना. "भाई, ठंडक बनरी, टिकरी नइं," ते म्हणाले. बाहेरची गरम हवा कुठूनतरी आत शिरत होती. मग त्यांनी दारांची रबरं बदलायला काढली. ड्रायव्हरच्या शेजारच्या दारापाशी ते थांबले. त्या बाजूची काच खाली करायचा दांडा आधीपासूनच नव्हता, आणि ते दार आतून उघडायचंही नाही. काचेच्या कडेचं रबर आतून ओरबाडून निघालं होतं. त्यात बारीक, खोल रेघा होत्या.

"इसमें कुत्ता बांधते थे क्या?" त्यांनी विचारलं.

संभाजी म्हणाला, नाही, कुत्रं कधीच नव्हतं. गफूरमियाँनी त्या रेघांवरून एकदा बोट फिरवलं. नवं रबर बसवलं आणि शेवटी डॅशबोर्डखाली हात घालून, बाहेरची हवा घेणारी अडकलेली झडप सोडवून घट्ट बंद केली. आता आतलीच हवा पुन्हापुन्हा फिरेल आणि गार होत जाईल, त्यांनी समजावलं.

आणि खरंच, नारायणगुडा येईतो संभाजीच्या हातांवर काटा उभा राहिला. त्याला हसू आलं. बाहेर डांबर वितळत होतं, आणि आत पेट्यांवर दव धरत होतं.

मग वास आला. मिसरीचा, आई लावायची तसा. भाजलेल्या तंबाखूचा कडसर वास, त्याखाली घाम. गारव्यात घामाचा वास कुठला, असं त्याच्या मनात येतंय तोवर ब्लोअरच्या घोंघाटात दुसरा आवाज मिसळला. धाप लागल्यासारखा. कुणीतरी तोंड उघडून श्वास घेत होतं... आणि तो पुरत नव्हता.

"काच उघड रं बाबा... दम कोंडायलाय..."

संभाजीने गाडी कडेला घेतली. शेजारची सीट रिकामी होती. त्याने आपल्या बाजूची काच खाली केली. गरम वारा, रिक्षांचे भोंगे आत शिरले आणि आवाज विरला. त्याने काच पुन्हा चढवली. का चढवली, ते त्याला सांगता आलं नसतं.

"संभ्या..." एसीच्या जाळीतून हाक आली. अगदी दमून. "संभ्या, ये रं... संभ्या..."

पेट्या पोचवून तो थेट उमाजीच्या दारात गेला. भर दुपार होती. एसी बघून दे म्हणाला आणि भावाला शेजारच्या सीटवर बसवलं. दार लावलं, काचा चढवल्या, ब्लोअर मोठा केला. पहिली धाप ऐकू आली तसा उमाजीचा हात दांड्याच्या जागी गेला. तिथे नुसतं भोक होतं.

मग त्याने सगळं सांगितलं. संभाजीकडे न बघता, जाळीकडे बघत. हिमायतनगरात एका प्लॉटच्या सह्या होत्या. घटकाभराचं काम, म्हणून आईला एसीत बसवून तो वर गेला. तिला मध्येच काच उतरवून बाहेरून दार उघडायची आणि चालू लागायची सवय, म्हणून दांडा काढून खिशात घातला. ड्रायव्हरच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं; तिकडे सरकून काच उतरवायचं तिला सुचलं नसावं. वर चहा आला, बोलणी वाढली. खाली गाडी तापून बंद पडली.

"ती मला हाका मारत होती," संभाजी म्हणाला.

"वॉचमन सांगत होता. म्हातारी काच वाजवत होती, संभाजी संभाजी करत होती. त्याला वाटलं, मीच संभाजी. येईल मालक, म्हणून उभा राहिला."

"म्हणजे तुला माहीत होतं."

उमाजीने दांड्याच्या भोकावर अंगठा दाबला.

"मग मी विचारलं तेव्हा 'नाही' का म्हणालास?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

संभाजी खाली उतरला आणि त्याने दार लावून घेतलं. मुद्दाम लावलं की सवयीने, ते त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. ड्रायव्हरच्या बाजूला सरकून यायचं भान उमाजीला राहिलं नव्हतं. तो समोरच्या जाळीशी बोलत होता, हात जोडत होता. काळ्या फिल्ममागे त्याचा चेहरा पुसट दिसत होता. इंजिनाचा आवाज जड झाला, दोन आचके देऊन ते बंद पडलं. संभाजी उन्हात उभा राहिला. उमाजी काच वाजवू लागला. संभाजी तरीही उभा राहिला. मग त्याने फेरा घालून उमाजीच्या बाजूचं दार उघडलं.

उमाजी रस्त्यावर कोसळला. अंग बर्फासारखं गार आणि नखांत काळं रबर. त्यानंतर भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. उमाजी आता कुठल्याही मोटारीत बसत नाही, चालतच जातो.

संभाजीने ते काम सोडलं. पिकअपची बॅटरी काढून तो घरामागच्या मोकळ्या जागेत लावून ठेवला. पाऊस यायला अजून अवकाश होता. एका दुपारी त्याची बायको रोशनी वाळवण काढायला गेली, ती तशीच परत आली. गाडीखाली ओल आहे, म्हणाली.

संभाजी जाऊन वाकला. शेजारच्या सीटच्या बरोबर खालून, एसीच्या नळीतून, थेंब पडत होते. एक, मग थांबून दुसरा. त्याने बोट धरलं. पाणी कोमट होतं. बोट जिभेला लावलं, तर खारट लागलं.