न उघडलेलं पार्सल

"अथर्व, शोव्हल टाक आणि इकडे ये! मिस नोरा रडताहेत!"

मार्च ब्रेक चालू होता. कॅनडातल्या व्हिटबीत घोटाभर बर्फ पडला होता. देवयानी आणि तिचा धाकटा भाऊ शेजारच्या शहाऐंशी वर्षांच्या मिस नोरांचा ड्राइव्हवे फावड्यांनी मोकळा करत होते. बाई दारात उभ्या होत्या, हातात फोटो छापलेलं चर्चचं निमंत्रण.

"हा माझा भाऊ मार्टिन नाहीच!" त्या म्हणाल्या. "चर्च कमिटीच्या मिस्टर डॉयलना तीनदा फोन केला. म्हणतात, तुम्हाला हल्ली आठवत नाही."

ब्रदर मार्टिन मठातले होते, पण फादर नव्हते. ते पूजा सांगत नसत, रंधा चालवत. ग्वाटेमालाच्या डोंगरात त्यांनी मुलांना सुतारकाम शिकवलं. यादवी युद्धात बंदूकधारी त्या मुलांना उचलायला आले, तेव्हा ते दारात आडवे उभे राहिले. मुलं मागून पळाली. ब्रदर मार्टिन मारले गेले. आणि येत्या रविवारी त्यांच्या नावाखाली चर्चच्या भिंतीवर कायमचा लागणार होता भलत्याच माणसाचा फोटो!

"दुसरा फोटो?" देवयानीने विचारलं.

"बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, सगळे गेले."

"मग काही खूण?"

"डाव्या हाताची करंगळी नव्हती. करवतीत गेली."

अथर्वने निमंत्रणावरच्या फोटोतली बोटं मोजली. "ओ माय गॉड, ताई! दहाच्या दहा!"

"पण प्रूफ काय? यांचं कोण ऐकणार?"

मिस नोरांनी कपाटाकडे पाहिलं. वरच्या फळीवर सुतळीने बांधलेलं पार्सल होतं, पोस्टातून परत आलेलं. "त्याच्यासाठी हातमोजे विणले होते. पोचायच्या आत तो गेला. मी ते कधी उघडलं नाही."

देवयानी घाईघाईने म्हणाली, "नको मिस नोरा, आम्ही दुसरं काहीतरी शोधतो!"

तीन दिवस दोघांनी जंग जंग पछाडलं. मॉन्ट्रियलच्या मठात फक्त आन्सरिंग मशीन बोलत होतं. लायब्ररीत काही नव्हतं. शनिवारी मिस नोराच म्हणाल्या, "घे ते पार्सल."

"इथे उघडायचं नाही!" देवयानी म्हणाली. "नाहीतर म्हणतील, कालच विणले!"

रविवारी हॉल गच्च भरला होता. शेजारी म्हणून देवयानीचे आजोबाही आले होते.

"मिस्टर डॉयल, यावरचा शिक्का वाचता?" देवयानीने सर्वांदेखत विचारलं.

"नाइन्टीन एटी-टू," ते हसत म्हणाले.

"आता उघडा!"

सुतळी कापली. निळे लोकरी हातमोजे निघाले. डाव्याला करंगळीच विणलेली नव्हती! मिस्टर डॉयल कानापर्यंत लाल झाले. मठाने पाठवलेल्या फोटोंच्या खोक्यात दोन ब्रदर मार्टिन होते. डॉयलनी पहिला हाताला लागला तो फोटो उचलला होता! मिस नोरांची माफी मागून त्यांनी फोटो स्वतः उतरवला.

टाळ्याच टाळ्या! "शाब्बास!" आजोबांनी दोघांची पाठ थोपटली. "भल्याभल्यांना जमलं नसतं!"

देवयानीला मात्र काही गोड लागेना. मिस नोरा कोपऱ्यात कागदाच्या घड्या सरळ करत होत्या.

"परत बांधून देतेस? होतं तसं?"

"देते ना! पण का?"

"बंद होतं, तोवर ते त्याला पाठवलेलं होतं. आता नुसते हातमोजे उरले."

देवयानी खाली बसली. कापलेली सुतळी आखूड पडत होती. तिने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. जुना कागद घडीवर फाटला. मागे लोक अजून टाळ्या वाजवत होते.