कामावरचा सदरा

तात्या तसे बोलघेवडे. दवाखान्यातल्या बाकावर बसले की शेजारच्याला दोन घरगुती उपाय सांगितल्याशिवाय उठायचे नाहीत. पण लेकीच्या तपासणीला सोबत आले, डॉक्टरीणबाईंनी एक साधा प्रश्न विचारला, आणि तात्यांनी एका वाक्यात हात झटकले.

"घरात कुणाला हार्मोनचा काही त्रास होता?"

"छे हो! आम्ही सगळे ठणठणीत."

तात्यांची उमेदीची वर्षं गोळ्यांच्या कारखान्यात गेली होती. पाळणा लांबवायच्या गोळ्या. तात्या त्यांची पांढरी भुकटी चाळायचे. तिसऱ्या वर्षी त्यांची छाती बाईसारखी वाढायला लागली. सांगणार कुणाला? कामाची पाळी सुटली की बाकीचे कामगार अंघोळ करून, कामाचे कपडे तिथेच टाकून घरी जायचे. तात्यांना चारचौघांत सदरा काढायची लाज वाटायची. ते भुकटीनं माखलेलेच घरी यायचे. लेक धावत येऊन बिलगायची. बायको तो सदरा लेकीच्या फ्रॉकांबरोबरच धुवायची.

कारखाना पाडूनही आता बावीस वर्षं झाली होती. आणि लग्नाला सहा वर्षं होऊन लेकीला मूल नव्हतं.

रिपोर्ट आला, तेव्हा जावईही सोबत होता. "ही गर्भनिरोधक गोळी कधीपासून घेताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कसली गोळी? मूल हवं म्हणून तर आलोय ना!"

रक्त दुसरीकडे तपासलं. तेच. रोज न चुकता गोळी घेणाऱ्या बाईच्या रक्तात असावं, तेवढं.

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं. सकाळचा चहा तोच करून द्यायचा.

"तुझी शपथ, मी असलं काही केलं नाही," जावई रडकुंडीला आला. "तात्या, तुम्ही तरी सांगा हिला!"

बावीस वर्षांपूर्वीचं आज रक्तात कसं येईल, हे तात्यांनाही कळत नव्हतं. पण कारखान्याचं नुसतं नाव काढलं असतं, तरी जावयावरचा आळ हलका झाला असता. मग डॉक्टरीणबाई विचारणार, तुम्हाला काही त्रास झाला का? सदरा काढा, बघू. तात्यांचा हात बटणांवर गेला.

"नवरा-बायकोच्या मध्ये मी काय बोलणार?" ते म्हणाले. त्यांना स्वतःची किळस आली.

त्या संध्याकाळी अंगातला बनियन काढला, तर आत पांढरी भुकटी. बनियन कोरा होता, सकाळीच घडी मोडलेला.

बायको जाऊन वर्षं झाली होती; त्यांनी तो स्वतःच धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुकटी. तिसऱ्याही.

पंधरवड्यात लेक बॅग घेऊन माहेरी आली. "त्या घरातलं पाणीसुद्धा नको," म्हणाली. तात्या तिचं हवं-नको बघू लागले, जवळ बसवून जेवू घालू लागले. आता तरी रक्त निवळेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

महिन्यानं नवा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"तिप्पट झालंय."

त्यांनी कागद खाली ठेवला.

"सध्या घरात कोण कोण असतं?"

"मी," लेक म्हणाली, "आणि तात्या."

मग तिनं आपली खुर्ची हळूच बाजूला सरकवली.