बुंदीला कुणी मारलं?

२०६१ साली कोल्हापूरच्या त्या बालदंत रुग्णालयात मूल रडण्याचा आवाज म्हणून ऐकू येत नसे. मुलाच्या कपाळावर एक मऊ भाळपट्टी बांधत आणि शेजारी बसवलेल्या कुत्र्याच्या गळ्यात तिची जोडीदार कंठपट्टी. भीती म्हणजे मेंदूतल्या बदामाएवढ्या गाठीत उठणारी विद्युत्स्पंदनांची एक नक्षी. नुसती दाबली तर ती तासाभरात दुपटीने उसळे. तिला उतरायला दुसरा जिवंत मेंदू लागे. म्हणून भाळपट्टी ती नक्षी टिपून घेई आणि कंठपट्टी ती कुत्र्यात उतरवी. याला 'भयवहन' म्हणत. कुत्र्याच्या मेंदूत ही भीती विरघळून जाते, असं माहितीपत्रकात छापलेलं होतं.

कुमुद शेलारचा त्यावर विश्वास होता. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झाल्यापासून ती आपल्या बुंदी या लॅब्रॅडोर कुत्रीला घेऊन आठवड्यातून चार दिवस इथे येत होती.

त्या मंगळवारी दिवा दुरुस्त करायला आलेल्या माणसाने हत्यारं अडकवलेला बेल्ट कमरेचा सोडला. बक्कल खणकलं. बुंदी जागच्या जागी मुतली आणि सरपटत कपाटाखाली शिरली. तिला बाहेर काढायला कुमुदला अर्धा तास लागला. चाळीस दिवसांचं पिल्लू असल्यापासून कुमुदने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता.

ती बुंदीला घेऊन तडक डॉ. निरंजन ओकांच्या खोलीत गेली. भयवहनाचा शोध त्यांचाच.

"डॉक्टर, माझ्या कुत्रीला बेल्टने कुणी मारलं?"

"इथे? कुणीच नाही. तुम्ही दिवसभर तिच्याजवळच असता की."

"मग नुसत्या बक्कलाच्या आवाजाने ती अशी का करते?"

ओकांनी चष्मा काढला. "भीती एकटी येत नाही, कुमुदताई. तिला जागं करणारे आवाज, वास तिला चिकटलेले असतात. कधी कधी तेही उतरतात."

"म्हणजे ती विरघळत नाही."

"साठते. तीन वर्षांनी कुत्रा बदलावा लागतो. लोकांना वाईट वाटतं, म्हणून आम्ही ते छापत नाही. पण मुलं बघा ना, किती मजेत असतात!"

"मजेत?" कुमुदचा आवाज चढला. "दाताच्या खुर्चीत बेल्टची भीती कुणाला वाटते, डॉक्टर? उताणं झोपवल्यावर मोठ्या माणसाचा हात तोंडाशी आला की ज्याला घरचं आठवतं, त्याला! ते पोर इथे किंचाळलं असतं. कुणीतरी जवळ घेऊन विचारलं असतं, बाळा, काय झालं? त्याच्यापाशी तेवढं एक किंचाळणं होतं. तेही तुम्ही काढून घेतलंत आणि माझ्या कुत्रीच्या गळ्यात बांधलंत!"

ओकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कोण आहे ते मूल?"

"कळायला मार्ग नाही. वर्षभरात बुंदीने नऊशे मुलं सांभाळली. प्रत्येकाच्या कागदावर एकच शेरा आहे: शांत, सहकार्य केलं."

कुमुदने बुंदीची कंठपट्टी सोडून त्यांच्या टेबलावर फेकली आणि ती बाहेर आली. प्रतीक्षागृहात अकरा मुलं आईबापांना खेटून बसली होती, प्रत्येकाच्या पायाशी एकेक कुत्रा. ती एकेका चेहऱ्यासमोर थांबत, डोळ्यांत डोकावत पुढे गेली. भाळपट्ट्या आधीच बांधून झाल्या होत्या. अकराही मुलं तिच्याकडे बघून गोड हसली.