कोऱ्या पानावरची सही

"अगं, आधी बुरूज तर होऊ दे!" निषाद ओरडला. पण वृषाली मातीच्या हातांनीच शाळेच्या दाराकडे धावली होती. तिथे नवा कागद डकवलेला होता.

दिवाळीची सुट्टी होती. सायलीची आई, साधना, जाऊन चार महिनेच झाले होते, म्हणून यंदा तिच्या अंगणात किल्ला नव्हता. मग तिच्या मैत्रिणीनं, वृषालीनं शाळेच्या आवारात किल्ला करायचा घाट घातला आणि बावधनहून आलेल्या सायलीच्या आतेभावाला, निषादला माती कालवायला जुंपलं.

"पट कमी असल्याने टेपवाडीची शाळा बंद करून खोल्या पर्यटक निवासाला देण्यास गावाची हरकत नाही," वृषालीनं वाचलं. "ग्रामसभा, पंधरा ऑगस्ट. खाली सह्या... सायले, तुझ्या आईची सही हाय!"

आई तर जुलैतच गेली होती!

सायली पळत जाऊन प्रगतिपुस्तक घेऊन आली. त्यातली आईची सही सरळ, सुबक, कागदावरची वेडीवाकडी.

"खोटी सही! हातच्या काकणाला आरसा कशाला?" निषादनं उडी मारली.

"आता बघ सरपंचांची कशी जिरते!" वृषाली म्हणाली.

सायली मात्र त्या अक्षरांकडे बघतच राहिली. तिला जून आठवला. आई खाटेवर, उजव्या हाताला सलाईन. ग्रामपंचायतीचे शिपाई दामूकाका भिजत वही घेऊन आले होते. टेपवाडीची रीतच होती ती! ताम्हिणीच्या पावसात सभेला कोण येणार? म्हणून सह्या आधीच घरोघर घ्यायच्या आणि ठराव मागाहून वरच्या कोऱ्या जागेत लिहायचा.

"काय लिवलंय?" आईनं विचारलं होतं.

"अजून कायबी न्हाई, वहिनी. नुसती हजेरी."

आईनं डाव्या हातानं सही केली. वही सायलीनंच धरली होती.

पंचायतीची सदस्य असलेली आई एरवी ठराव मोठ्यानं वाचल्याशिवाय कुणाला सही करू देत नसे. शाळेवर नवे पत्रे तिनंच भांडून आणले होते. आणि आता तिच्याच सहीनं शाळा बंद होणार होती! सायलीला रडू आवरेना. रडत रडतच तिनं वृषाली आणि निषादला सगळं सांगितलं.

पोरांनी तो कागद सायलीच्या वडिलांना, कैलासना दाखवला. सोमवारच्या ग्रामसभेत कैलासनी तो सगळ्यांपुढे धरला. "सरपंच, माझी बायको मेल्यावर सभेला आली व्हती व्हय?"

सरपंच हैबतराव गरजले, "ही सही दामूनं ठोकली असंल! त्याला आजच कामावरून काढतो. बाकीच्या सह्या खऱ्या हायेत. ठराव कायम!"

दामूकाकांची पाचावर धारण बसली. नुसते हात जोडून उभे राहिले बिचारे.

"गप्प बस, सायली," निषाद कुजबुजला. "मामीचं नाव तरी चांगलं राहील."

सायली उठली.

"पोरांना हितं बोलायचा हक्क न्हाई!" हैबतराव म्हणाले.

"मला तर हाय न्हवं?" म्हाताऱ्या भीमाबाई कडाडल्या. "माझ्या जागी ती बोलंल! बोल गं!"

"सही खरी हाय," सायली म्हणाली. "माझ्या आईचीच हाय. जूनमदी केली, डाव्या हातानं. पान कोरं व्हतं! तुमी सगळ्यांनीबी कोऱ्याच पानावर सह्या केल्यात. व्हय का न्हाई?"

सगळे खाली बघू लागले. मग भीमाबाई म्हणाल्या, "व्हय. माझा अंगठाबी कोऱ्याच पानावर."

"माझी सहीबी!" मागून आवाज आला. मग आणखी एक. एकेक करत सगळी सभाच बोलायला लागली. हैबतरावांना घाम फुटला. ठराव रद्द करायला हात वर झाले, तेव्हा विरोधात एकही नव्हता.

ग्रामसेवकांनी लाल पेन काढलं. वहीतल्या मूळ पानावर तिरकी रेघ मारून ठराव रद्द करायचा होता.

"साहेब," सायली पुढे झाली, "आईची सही तेवढी सोडता येईल? तिची शेवटची हाय."

"नाही बाळा. पूर्ण पानच रद्द करावं लागतं."

सायलीनं त्या सहीवरून एकदा बोट फिरवलं. मग बोट काढून घेतलं.

"मारा," ती म्हणाली.

"साधनाची लेक शोभतीस!" भीमाबाई म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हैबतरावांनीही मान खाली घालून "शाबास" म्हटलं. सायलीनं मात्र बाबांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं आणि भर सभेत ती हमसून हमसून रडली.