सातव्या खांबावरची खुर्ची

बुनजी त्या संध्याकाळी रॉकेल आणायला गेला होता, दुसरं काही नाही. कँटीनमधला स्टोव्ह विझायला आला होता आणि भरलेला डबा डोंगरावर जाणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टच्या खालच्या केबिनमध्ये होता. फेब्रुवारीची बारा तारीख, बुधवार, सात वाजून दहा मिनिटं. बुनजी म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नाहीत.

मंडळी, मोजे तिथं वाळत घाला आणि बसा. चिनात्सु, तू जवळ ये. आज चार वाजता तू म्हणालीस, "आजोबा, डोंगरावर चिटपाखरू नाही, करू या ना लिफ्ट बंद." आणि मी सगळ्यांसमोर तुझ्यावर खेकसलो. का, ते ऐक.

दोन हिवाळ्यांपूर्वी लिफ्टच्या वरच्या टोकाला तोकिए-सान असायच्या, खाली केबिनमध्ये बुनजी. वय एकाहत्तर, घरी एकट्या. चौतीस हिवाळे त्यांनी वर उभं राहून लोकांना खुर्चीवरून उतरवलं. "पुढं बघ, पायांकडं नको, पाय कुठं पळून जात नाहीत!" या गावातल्या निम्म्या माणसांनी स्कीइंग शिकताना ही बोलणी खाल्लीत. पुढं त्यांचे गुडघे गेले. मग संध्याकाळी शेवटच्या खुर्चीत बसून त्या खाली यायच्या. त्या उतरल्या की बुनजीनं लिफ्ट थांबवायचं लाल बटण दाबायचं. इतकं साधं काम.

निघताना त्या वरून फोन करायच्या. पण तो फोन नोव्हेंबरपासून बंद होता. बुनजीनं तीनदा सांगितलं. मॅनेजर हिरुमा म्हणाला, "पुढच्या मोसमात बघू."

सत्तावीस जानेवारीला दुपारपासून वादळ. हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. हिरुमाला नगर कार्यालयाच्या साहेबांबरोबर प्यायला बसायचं होतं. चार वाजून वीस मिनिटांनी तो केबिनमध्ये आला, कोट घालूनच.

"बंद कर."

"तोकिए-सान यायच्यात."

"त्या मघाशीच स्नोमोबाइलवरून खाली आल्या. बसथांब्याकडं जाताना मी स्वतः पाहिलं."

"नक्की?"

"मी काय आंधळा आहे? दाब!"

बुनजीनं दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यानंच लिफ्ट सुरू केली. रिकाम्या खुर्च्या येत होत्या. आणि मग एका खुर्चीत तोकिए-सान आल्या. आडवा दांडा खाली ओढलेला, दोन्ही हात त्यावर, मांडीवर वीतभर बर्फ. सातव्या खांबापाशी अडकल्या होत्या. नऊ मीटर उंचीवर. रात्रभर ओरडल्या असतील. मोबाइल खिशात होता, थंडीनं मेलेला. घरी वाट बघणारं कोणी नाही. मग शोधणार कोण?

आणि हिरुमा? पोलिसांना म्हणाला, "मी असं काही बोललोच नाही, बुनजीनं चुकीचं ऐकलं." वर अंत्यविधीला काळा सूट घालून आला, उदबत्ती लावली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाईंनी निघताना कळवायला हवं होतं. वय झालं होतं हो." कशानं कळवणार? तुझ्या मेलेल्या फोननं? अजूनही हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या दिवशी त्याच्या थोबाडात का मारली नाही, म्हणून मी स्वतःलाच शिव्या देतो. बुनजी तर मान खाली घालून बसला. बटण त्याच्या बोटानं दाबलं होतं ना.

हं. तर बारा फेब्रुवारी. तोकिए-सान जाऊन सोळा दिवस. आत्मा एकोणपन्नास दिवस इथंच घुटमळतो म्हणतात. ते व्हायचे होते, म्हणजे बाई अजून इथंच कुठंतरी.

बुनजीनं केबिनचा दिवा लावला. डबा उचलला. वळला.

फोन वाजला.

भिंतीवरचा. वरच्या टोकाचा.

वर वीज नव्हती. माणूस नव्हता. तार तर तुटलेलीच होती. फोन वाजत राहिला... बुनजीनं उचलला.

वारा. नुसता वारा.

मग... "बुनजी-सान? मी निघाले हं."

रोज म्हणायच्या तसंच. त्याच आवाजात.

तुम्ही काय केलं असतं? पळाला असतात. बुनजी नाही पळाला. त्यानं डबा खाली ठेवला आणि लिफ्ट सुरू केली.

खुर्च्या हलायला लागल्या. वरून खाली यायला अकरा मिनिटं लागतात. कँटीनच्या खिडकीतून हिरुमानं ते पाहिलं आणि स्लिपरवरच धावत आला.

"डोकं फिरलंय का तुझं? कुणासाठी चालवतोयस?"

"तोकिए-सान येतायत."

"गप्प बस! बंद कर ते!"

त्यानं लाल बटणाकडं हात टाकला. बुनजीनं त्याचं मनगट धरलं. असं धरलं की हाडं वाजली.

"अकरा मिनिटं उभं राहायचं," बुनजी म्हणाला. "त्यांना तुम्ही पंधरा तास टांगलं होतंत."

"सोड मला. कामावरून काढीन."

"काढा. पण आधी बघा."

खुर्च्या येत होत्या. प्रत्येकीवर फूटभर बर्फ. एक गेली. दुसरी. तिसरी... हिरुमा बडबडत होता. वकील, नोटीस, काय काय. हळूहळू आवाज बारीक झाला. मग थांबला.

एक खुर्ची दिसली.

तिच्यावर बर्फ नव्हता.

दांडा खाली ओढलेला होता. रिकाम्या खुर्चीचा दांडा कोणी ओढत नाही. खुर्ची एका बाजूला किंचित कललेली. वजन असल्यासारखी.

जवळ आली...

दांडा वर गेला. आपोआप. सावकाश, म्हाताऱ्या हातानं उचलावा तसा.

खुर्ची हलकी झाली. झोका घेऊन पुढं गेली.

कोणीतरी उतरलं होतं.

दोघांच्या मधून थंडी गेली. बुनजी म्हणतो, वारा नव्हता. वारा अंगाला लागतो. हे अंगाच्या आतून गेलं.



मग हिरुमा खाली बसला. तिथंच, बर्फात.

"मी पाहिलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"तिला. बसथांब्याकडं जाताना. मी कुणालाच पाहिलं नव्हतं. वाटलं, गेली असेल. मला उशीर होत होता."

बुनजीनं लाल बटण दाबलं. मला म्हणाला, "भाऊजी, त्या क्षणी फावडं हाताशी असतं तर मी त्याला मारलं असतं." फावडं बाहेर होतं. तेवढ्यानं हिरुमा वाचला.

रात्रभर हिरुमा कँटीनमध्ये सगळे दिवे लावून बसला. अंधारात बाहेर पाऊल टाकायला तयार होईना. बुनजी दारापाशी बसून राहिला, तो पळू नये म्हणून. उजाडल्यावर हिरुमा आपणहून म्हणाला, "चौकीवर जातो. सगळं सांगतो." आणि त्यानं सांगितलंही, तीन पानं. त्याची नोकरी गेली, खटला झाला, शिक्षा झाली. माझ्या मते फार कमी.

पण चौकीवर जायच्या आधी हिरुमाची गाडी काढायला दोघं आवारात गेले. रात्रीत ढोपरभर बर्फ पडला होता. आजूबाजूला कुठं पावलाचा ठसा नाही. बुनजीनं टपावरचा बर्फ झाडला, काच पुसली. दारं बंद, काचा घट्ट वर, किल्ली रात्रभर हिरुमाच्या खिशात.

आत चालकाची सीट कोरडी होती. शेजारच्या सीटवर बर्फ होता. बैठकीवर, पाठीला टेकून, खांद्याइतका उंच.

आणि त्याच्यावरून पट्टा लावलेला होता. खटका बसवून.